तरफ ओळखा, मोजा आणि कामाला लावा

माण-खटावच्या रानात दगड काढायचा असला की जाणती माणसं पहार घालण्याआधी टेकूसाठी धोंडा शोधतात. तो कुठे ठेवायचा, यावरच निम्मं काम ठरतं. पहार, अडकित्ता, चिमटा, क्रिकेटची बॅट, साताऱ्याच्या मुली हातात घेतात ते धनुष्य, या सगळ्यांत तरफच आहे. ती ओळखून मोजता आली की हत्यार निवडायची आणि धरायची पद्धतच बदलते.

1. तीन जागा शोधा

हत्यार सावकाश हलवा. जी जागा सरकत नाही, नुसती फिरते, तो टेकू. हात जोर लावतो तिथे बल. दगड, सुपारी, भाकरी, ज्यावर काम करायचं तो भार. आता मध्ये काय आहे ते बघा. टेकू मध्ये असेल तर पहिला प्रकार: पहार, कात्री, पक्कड. भार मध्ये असेल तर दुसरा: अडकित्ता, बांधकामावरची एकचाकी ढकलगाडी. बल मध्ये असेल तर तिसरा: चिमटा. मुलांना नेलकटर जरूर द्या. त्याची वरची दांडी दुसऱ्या प्रकारची आणि ती दाबते ती पाती तिसऱ्या प्रकारची. एवढ्याशा वस्तूत दोन तरफा!

2. पट्टीवर पडताळा

30 सेंटीमीटरची पट्टी, एक षटकोनी पेन्सिल आणि तीन सारखी नाणी घ्या. पेन्सिल 15 च्या खुणेखाली आडवी ठेवून पट्टी तोला. 20 च्या खुणेवर दोन नाणी एकावर एक ठेवा, 5 च्या खुणेवर एक. पट्टी तोलून राहील. दोन नाणी टेकूपासून 5 सेंटीमीटरवर, एक नाणं 10 वर. दोन्हीकडे गुणाकार 10. बल आणि टेकूपासूनचं अंतर यांचा हा गुणाकार म्हणजेच तरफेचा सगळा हिशोब.

3. हाच हिशोब पहारीला लावा

पहार 150 सेंटीमीटरची आहे आणि दगडाची कड उचलायला 90 किलोचा जोर लागतो, असं धरू. टेकू टोकापासून 30 सेंटीमीटरवर ठेवला तर हाताकडे 120 उरतात, म्हणजे चौपट फायदा. साडेबावीस किलोचा जोर द्यावा लागेल. तोच टेकू 15 वर सरकवा. आता 135 भागिले 15, नऊपट. 10 किलोत काम होतं. पहार तीच, माणूसही तोच, फक्त धोंडा पुढे सरकला.

पण फुकट काही मिळत नाही. दगड 2 सेंटीमीटर उचलायला हात 18 सेंटीमीटर खाली न्यावा लागतो. म्हणून थोडं उचला, फटीत दुसरा दगड सारा, टेकू उंच करा, पुन्हा उचला. टेकूला ठिसूळ मुरमाड दगड घेऊ नका. दांड्यावर उभं राहू नका आणि तोंड त्याच्या वर आणू नका. दगड निसटला की पहार उसळते.

अडकित्त्यातही सुपारी बिजागरीच्या जवळ सारली की कमी जोरात फुटते.

4. जोर हवा की वेग, ते ठरवा

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच. चिमट्यात आपण जोर गमावतो, कारण बोटं भाकरीपेक्षा टेकूच्या जवळ असतात. तरी तो चालतो. हात जाळापासून लांब राहतो. बॅटीतही तेच. साधा हिशोब करायचा तर वरचा हात टेकू, खालचा हात बल. दोन्हींत 15 सेंटीमीटर अंतर असेल आणि चेंडू वरच्या हातापासून 60 सेंटीमीटरवर लागला, तर तिथे बॅटीचा वेग खालच्या हाताच्या चौपट. खऱ्या फटक्यात मनगट, खांदा, कंबर हेही असतातच.

म्हणून मुलाला "पुढे उपयोगी पडेल" म्हणून मोठी बॅट घेऊन देऊ नका. वजन मुठीपासून दुप्पट लांब गेलं की ते फिरवणं चौपट जड होतं. दुकानात मुलाला फक्त वरच्या हाताने बॅट सरळ मागेपुढे न्यायला सांगा. मनगट वळत असेल तर लहान बॅट घ्या.

5. कंपाउंड धनुष्य बघून या

साताऱ्याची आदिती स्वामी 2023 मध्ये बर्लिनला वयाच्या सतराव्या वर्षी तिरंदाजीच्या कंपाउंड प्रकारात जगज्जेती झाली. तिच्या हातातलं धनुष्य म्हणजे फिरता फिरता आपली लांबी बदलणारी तरफ. धनुष्याच्या वर-खाली वाकणाऱ्या पात्यांच्या टोकांना मध्यापासून सरकवलेल्या आसावर चाकं असतात, त्यांना कॅम म्हणतात. आस हा टेकू. एका बाजूला बाणाची दोरी ओढते, दुसऱ्या बाजूला पाती वाकवणारी केबल. दोरी मागे येईल तसा कॅम फिरतो; दोरीकडची भुजा, म्हणजे टेकूपासूनचं अंतर, लांबते, केबलकडची आखूड होते. ओढायला 50 पौंडांचा जोर लागणाऱ्या धनुष्यात 70 टक्के भार उतरत असेल, तर पूर्ण ताणल्यावर हातावर फक्त 15 पौंड उरतात. 50 मीटरवर नेम धरताना हात स्थिर राहतो तो यामुळे. साध्या धनुष्यात उलट असतं. जितकं ताणाल तितकं जड.

मैदानावर गेलात तर खेळाडूचे खांदे बघा. ताणायला सुरुवात केल्यावर ते घट्ट होतात आणि शेवटच्या टप्प्यात भार उतरलेला स्पष्ट दिसतो. धनुष्य हातात मिळालं तरी बाण न लावता दोरी सोडू नका. पात्यांत साठलेली बहुतेक ऊर्जा एरवी बाणाला मिळते. बाण नसेल तर तिचा दणका पाती, कॅम आणि केबललाच बसतो आणि धनुष्य फुटू शकतं.