अडकलेला गिअरबॉक्स इंजिनापासून कसा सोडवावा

क्लच बदलण्यासाठी पिकअप घोड्यांवर (गाडीला आधार देणाऱ्या लोखंडी स्टँडांवर) चढवली, बेल हाउसिंगचे (गिअरबॉक्सच्या पुढच्या, इंजिनाला टेकणाऱ्या घंटेसारख्या कवचाचे) बोल्ट काढले, गिअरबॉक्सखाली जॅक लावला आणि तरीही तो केसभरसुद्धा मागे सरकत नाही, ही अडचण जुन्या गाडीवर काम करणाऱ्याला केव्हा ना केव्हा येतेच. अशा वेळी हात आपोआप पहारीकडे जातो आणि बहुतेक नुकसान तिथूनच सुरू होते. गिअरबॉक्स अडकण्याची कारणे मोजकी आहेत: राहून गेलेला एखादा बोल्ट, गंजून धरलेली डॉवेल पिन (दोन्ही भाग नेमके जुळवणारी पोलादी पिन), क्लच प्लेटमध्ये घट्ट बसलेला इनपुट शाफ्ट (गिअरबॉक्समधून पुढे आलेला दांडा) किंवा फ्लायव्हीलमधल्या (इंजिनाच्या मागच्या जड चाकातल्या) बेअरिंगने धरलेले त्याच शाफ्टचे टोक. यांपैकी नेमके कोणते कारण आहे, हे इंजिन आणि बेल हाउसिंग यांच्यामध्ये पडणाऱ्या फटीवरून कळते. त्यामुळे जोर लावण्याआधी फट पाहावी.

पुढील पद्धत महिंद्रा बोलेरो पिकअप, टाटा योद्धा अशा गाड्यांसाठी आहे, म्हणजे ज्यांत इंजिन लांबीच्या दिशेने बसवलेले असते, त्यामागे हाताने बदलायचा गिअरबॉक्स असतो आणि प्रॉपेलर शाफ्ट मागच्या चाकांना फिरवतो. चारही चाकांना ओढ असलेल्या गाडीत ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांत ओढ वाटणारी पेटी) आणि पुढचा प्रॉपेलर शाफ्ट यांचे काम वाढते, बाकी तत्त्व तेच राहते.

सर्वप्रथम बॅटरीचे ऋण टोक काढावे. गाडी सपाट, पक्क्या जमिनीवर घोड्यांवर ठेवावी आणि चाकांना अडवणारे ठोकळे लावावेत. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये. प्रॉपेलर शाफ्टच्या फ्लँजवर रंगाने खूण करून मगच तो सोडवावा, कारण जुळणी बदलली तर पुढे गाडी थरथरते. गिअर लिव्हर, रिव्हर्स लाइटच्या वायरी, स्पीडोमीटरची केबल किंवा सेन्सर, सायलेन्सरचे ब्रॅकेट आणि सेल्फ हे सर्व मोकळे करावे. क्लचचा खालचा सिलिंडर नळीसकट बाजूला बांधून ठेवावा आणि त्यानंतर कोणी क्लचचे पेडल दाबणार नाही याची काळजी घ्यावी, नाहीतर पिस्टन बाहेर येऊन तेल सांडते. इंजिनाच्या मागच्या भागाला स्वतंत्र आधार द्यावा; तेलाच्या चेंबरखाली आधार द्यायचा असेल तर मध्ये जाड लाकडी फळी हवीच.

आता राहिलेल्या बोल्टांचा शोध. हा भाग कंटाळवाणा असला तरी इथे दिलेली दहा मिनिटे पुढचे तास वाचवतात. वरचे बोल्ट खालून दिसत नाहीत, म्हणून बोटाने चाचपत बेल हाउसिंगचा पूर्ण घेर फिरून पाहावा. काही बोल्ट गिअरबॉक्सच्या बाजूने पुढे जातात, तर काही इंजिनाच्या बाजूने मागे येतात, आणि सर्वांत जास्त विसरले जातात ते हे दुसऱ्या प्रकारचे. सेल्फचा एखादा बोल्ट दोन्ही भागांना एकत्र धरत असू शकतो. खालच्या धूळरोधक पत्र्याचे छोटे बोल्ट आणि अर्थिंगची पट्टीही तपासावी. तेल आणि मातीचा थर जमलेला असेल तर तारेच्या ब्रशने तो खरवडून काढावा, कारण त्या थराखाली बोल्टाचे डोके सहज लपते. काढलेले बोल्ट पुठ्ठ्यावर त्यांच्या जागेप्रमाणे खोचून ठेवले, तर कोणते भोक रिकामे झाले आणि कोणते नाही, हे एका दृष्टिक्षेपात समजते.

सर्व बोल्ट निघाल्याची खात्री झाली की त्यांतले समोरासमोरचे दोन पुन्हा चार-पाच आटे आत फिरवून सैल ठेवावेत. गिअरबॉक्सचे वजन सहज ४० किलोच्या पुढे जाते, आणि अडकलेली वस्तू सुटते ती झटक्याने. हे दोन बोल्ट तिला अंगावर येण्यापासून रोखतात. याहून चांगला उपाय म्हणजे त्याच आट्यांचे दोन लांब बोल्ट डोकी कापून खुंट्यांसारखे बसवणे, म्हणजे गिअरबॉक्स त्यांच्यावरून सरळ मागे सरकतो आणि त्याचा भार इनपुट शाफ्टवर लटकत नाही. भार शाफ्टवर आला तर क्लच प्लेटचा मधला भाग वाकतो आणि नवी प्लेटही बदलावी लागते. मात्र खुंट्या मागे निसटण्यापासून रोखत नाहीत, म्हणून गिअरबॉक्स जॅकला पट्ट्याने बांधलेला असावा.

त्यानंतर कोन. मागचा क्रॉस मेंबर (गिअरबॉक्सला खालून आधार देणारी आडवी पट्टी) काढल्यावर इंजिनाचा मागचा भाग थोडा खाली झुकतो आणि गिअरबॉक्सही त्याच कोनात झुकलेला असावा लागतो. लाकडी टेबलाचा खण तिरका ओढला की तो जसा मध्येच अडतो, तसेच इथे होते: गंज नसतानाही डॉवेल आणि शाफ्ट तिरके होऊन धरतात. जॅक एका वेळी थोडासाच वर-खाली करत, गिअरबॉक्सचे शेपूट हाताने हलके हलवून पाहावे. ज्या उंचीला हालचाल सर्वांत मोकळी वाटते, ती योग्य उंची. कित्येक वेळा ‘चिकटलेला’ म्हणून घोषित झालेला गिअरबॉक्स एवढ्यानेच सुटतो.

तरीही सुटला नाही, तर हलका ताण देऊन फट तपासावी. ताण देण्यासाठी पितळी, ॲल्युमिनियमच्या किंवा कठीण लाकडाच्या पातळ पाचरी वापराव्यात आणि त्या नेहमी जोडीने, समोरासमोर ठोकाव्यात. पोलादी छिन्नी सांध्यात घालू नये. बेल हाउसिंग सहसा ॲल्युमिनियमचे असते आणि त्याच्या कडेवर उठलेला खवला पुढे गिअरबॉक्सला वाकडा बसवतो. काही बेल हाउसिंगांना ढकलण्यासाठी आटे पाडलेली भोके मुद्दाम दिलेली असतात, आणि ती असतील तर त्यांत बोल्ट घालून दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा फेरा सारखा फिरवणे सर्वांत सुरक्षित. मग वर, खाली, डावीकडे आणि उजवीकडे फिलर गेजने (ठरलेल्या जाडीच्या पातळ पात्यांनी) किंवा ड्रिलच्या बिटांच्या दांड्यांनी फट मोजावी.

कुठेच फट पडत नसेल, तर प्रथम पुन्हा बोल्ट शोधावेत. घेर खरोखर मोकळा असेल, तर दोन्ही डॉवेलांनी धरले आहे. एका बाजूला २ मिलिमीटर फट आणि दुसऱ्या बाजूला शून्य असेल, तर शून्याकडची डॉवेल दोषी आहे. चारही बाजूंनी १० ते १५ मिलिमीटर सारखी फट पडून काम थांबले असेल, तर डॉवेल केव्हाच सुटल्या आहेत आणि अडचण आत, शाफ्टवर आहे. तिथे बाहेरून कितीही पाचरी मारल्या तरी उपयोग नाही.

डॉवेलचा गंज समजून घेण्यासारखा आहे. इंजिन ब्लॉक ओतीव लोखंडाचा, पिन पोलादाची आणि बेल हाउसिंग ॲल्युमिनियमचे. अशा दोन भिन्न धातूंच्या सांध्यात खारट ओलावा शिरला की ॲल्युमिनियम झिजून त्याची पांढरी भुकटी तयार होते. ती मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापते आणि पिनेला चहूबाजूंनी आवळते. कोकणपट्टीत मासळी वाहणाऱ्या पिकअपमध्ये हा त्रास अधिक दिसतो, कारण बर्फाचे खारे पाणी हौद्यातून गळून गाडीच्या खालच्या भागावर ठिबकत राहते. सांध्याच्या कडेला पांढरी पूड दिसली तर ॲल्युमिनियम खाल्ले गेले आहे; तांबूस ओघळ असेल तर गंज लोखंडाचा आहे आणि तो तुलनेने लवकर सुटतो.

गंज सोडवणारे तेल सांध्यावर सगळीकडे फवारून फायदा नाही. ते डॉवेलपर्यंत पोहोचले पाहिजे. बऱ्याच गाड्यांत डॉवेल पोकळ असते आणि तिच्यातूनच बोल्ट जातो, त्यामुळे पडलेल्या बारीक फटीतून, पिनेच्या बाहेरच्या अंगाला, बारीक नळीने तेल सोडावे. ते रात्रभर मुरू द्यावे. घाईच्या कामात हे सांगणे गॅरेजवाल्यांना आवडत नाही, पण रात्रभराची वाट फुटलेल्या बेल हाउसिंगपेक्षा नेहमीच स्वस्त पडते. सकाळी पाचरींवर हलका ताण ठेवून, डॉवेलजवळच्या जाड भागावर नायलॉनच्या किंवा तांब्याच्या हातोडीने लहान लहान ठोके द्यावेत. इथे धक्क्याचे काम गंजाचा थर तोडणे एवढेच आहे. फट अर्धा मिलिमीटर वाढली की दुसऱ्या बाजूला जावे, तिथेही तेवढीच वाढवावी, पुन्हा पहिल्या बाजूला यावे. एकाच बाजूने पुढे गेले तर दुसरी डॉवेल तिरकी होऊन अधिकच आवळते.

त्यानेही भागले नाही, तर उष्णता. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते, त्यामुळे डॉवेलभोवतीचा भाग ८० अंशांनी तापवला तर १४ मिलिमीटरच्या पिनेभोवती सुमारे एक शतांश मिलिमीटर मोकळीक मिळते. आकडा किरकोळ वाटतो, पण गंजाचा थर तडकायला तो बऱ्याचदा पुरतो. हॉट एअर गन किंवा उकळत्या पाण्यात बुडवून पिळलेले फडके वापरावे. गॅसची ज्योत वापरू नये: जवळच डिझेलच्या नळ्या, तेलाचे सील आणि नुकतेच फवारलेले ज्वालाग्राही तेल असते. हॉट एअर गन वापरण्यापूर्वीही सांडलेले तेल पुसून घ्यावे.

आता शाफ्टची अडचण. इनपुट शाफ्टच्या स्प्लाइन (दांड्यावरच्या लांब खाचा) क्लच प्लेटमध्ये गंजतात, विशेषतः पावसाळ्यात बराच काळ उभ्या राहिलेल्या गाडीत. फट १० मिलिमीटरच्या पुढे गेलेली असल्याने तेलाची नळी आत घालता येते, पण तेल घर्षणाच्या अस्तरावर सांडेल, हे गृहीत धरून प्लेट बदलण्याची तयारी ठेवावी. तरीही सुटले नाही, तर एक वेगळा मार्ग आहे. खालचा पत्रा किंवा सेल्फचे भोक यांतून प्रेशर प्लेटचे (क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर दाबणाऱ्या भागाचे) बोल्ट दिसतात का ते पाहावे. गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून क्रँक पुलीला पाना लावावा, इंजिन हळूहळू फिरवावे आणि समोर येणारा प्रत्येक बोल्ट थोडा-थोडा सैल करत सर्व बोल्ट काढावेत. मग प्रेशर प्लेट आणि क्लच प्लेट शाफ्टवरच राहू देऊन गिअरबॉक्स त्यांच्यासकट मागे घ्यावा. प्रेशर प्लेट मोकळी होऊनही गिअरबॉक्स हलत नसेल, तर शाफ्टचे टोक फ्लायव्हीलच्या बेअरिंगने धरलेले आहे. तिथे शाफ्टच्या रेषेतच सरळ, सावकाश ओढ द्यावी लागते. काही गाड्यांत क्लच ओढण्याच्या पद्धतीचा असतो आणि त्याचे रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारे बेअरिंग) प्रेशर प्लेटमध्ये अडकवलेले असते. ते आधी सोडवल्याशिवाय गिअरबॉक्स येणारच नाही, म्हणून अनोळखी गाडीचे वर्कशॉप मॅन्युअल आधी पाहावे.

टोयोटा हायलक्स किंवा इसुझू व्ही-क्रॉस यांच्या ऑटोमॅटिक आवृत्तीत क्लच प्लेट नसते, पण टॉर्क कन्व्हर्टरचे (क्लचऐवजी तेलातून ओढ पोहोचवणाऱ्या भागाचे) बोल्ट असतात. इंजिन फिरवत ते बेल हाउसिंगजवळच्या उघड्या जागेतून एकेक काढावे लागतात आणि कन्व्हर्टर गिअरबॉक्सबरोबरच बाहेर यावा लागतो. तो इंजिनाला चिकटून राहिला आणि तरीही गिअरबॉक्स ओढला, तर आतल्या पंपाला इजा होते.

इंजिनाचेही काम काढायचेच असेल, तर मी दोन्ही एकत्र चेन पुलीने बाहेर काढून जमिनीवर वेगळे करण्याच्या बाजूचा आहे. वर उचलण्याचे कष्ट वाढतात, पण चारही बाजूंनी हात पोहोचतो आणि फट डोळ्यांना नीट दिसते.

वेगळे झाल्यावर डॉवेल आणि त्यांची भोके बारीक पॉलिश पेपरने स्वच्छ करावीत, आणि झिजलेल्या पिना बदलाव्यात. सांध्याच्या पृष्ठभागावर सपाट कानस हलकेच फिरवून उठलेले खवले काढावेत. डॉवेलला गंजरोधक ग्रीसचा पातळ थर द्यावा. स्प्लाइनला क्लचचे ग्रीस बोटाच्या टोकावर मावेल इतकेच लावावे, कारण जास्तीचे ग्रीस फिरताना उडून प्लेटवर जाते. फ्लायव्हीलमधले बेअरिंग या वेळी बदलून टाकावे. पुन्हा बसवताना क्लच प्लेट मध्यावर धरण्यासाठी अलाइनमेंटची दांडी वापरावी आणि गिअरबॉक्स हातानेच पूर्ण टेकला पाहिजे. शेवटचे १० मिलिमीटर उरले म्हणून बोल्ट आवळून तो ओढून घेऊ नये, नाहीतर बेल हाउसिंगचा कान तुटतो. मागे घ्यावा, प्लेट मध्यावर आहे का ते पाहावे, गिअर टाकून प्रॉपेलरकडील फ्लँज थोडी फिरवून स्प्लाइन जुळवाव्यात आणि मग पुन्हा पुढे सरकवावा.