सायक्लोक्रॉसची जॉमेट्री कशी बघायची (कोकणात चालवणार असाल तर)

सायक्लोक्रॉस सायकल घ्यायची म्हटलं की सगळे आधी गिअर बघतात, मग डिस्क ब्रेक, आणि फ्रेमच्या मापांचा तो तक्ता मात्र कोणी उघडतच नाही. अहो गिअर उद्याही बदलता येतील, फ्रेमचे कोन एकदा घेतले की घेतले. त्यात ही सायकल मुळात बनलीय बेल्जियमसारख्या ठिकाणी थंडीतल्या चिखलात तासभर चकरा मारायला, मधेच उतरून खांद्यावर टाकून पळायला. आपल्याकडे एकाच दिवसात डांबर, जांभ्याचा कच्चा रस्ता, कातळाचा सडा (उघडं पठार), पुळण (समुद्रकाठची वाळू) सगळंच येतं, त्यामुळे तिथे भारी ठरलेला आकडा इथे भारी ठरेलच असं काही नाही.

सुरुवात हेड अँगलपासून करा, म्हणजे हँडलखालची नळी (हेडट्यूब) जमिनीशी जो कोन करते तो, पण तो एकटा बघून काही कळत नाही. बहुतेक सायक्लोक्रॉसला तो 71 ते 72.5 अंशात असतो आणि लोक लगेच ठरवून टाकतात की 71 म्हणजे सुस्त आणि 72 म्हणजे चपळ. खरा खेळ ट्रेलचा आहे. स्टिअरिंगची रेघ सरळ खाली जमिनीपर्यंत नेली तर ती टायर जिथे टेकतो त्याच्या जरा पुढे पडते, ते मधलं अंतर म्हणजे ट्रेल. 33 मिमी टायर धरला, फोर्कचा रेक (स्टिअरिंगच्या रेघेपासून एक्सल, म्हणजे चाकाचा मधला दांडा, जितका पुढे असतो ते अंतर) 47 मिमी धरला तर 72 अंशाला ट्रेल साधारण 62 मिमी येतो आणि 71 ला साधारण 69. पण 71 वाल्याला 50 चा रेक असेल आणि 72 वाल्याला 45 चा, तर दोघंही 65 च्या आसपासच येतात! म्हणजे कागदावर वेगळ्या दिसणाऱ्या दोन सायकली हँडलला जवळपास सारख्याच लागणार.

ट्रेल कमी असेल तर सायकल झटकन वळते, रेसमध्ये मजा येते, पण जांभ्याची बारीक खडी पसरलेल्या उतारावर तीच सायकल हातात थरथरायला लागते. ट्रेल जास्त असेल तर उतारावर रेघ धरून चालते पण आरे-वारेच्या चढासारख्या ठिकाणी अगदी सावकाश चढताना हँडल सारखं एका बाजूला कलंडायला बघतं आणि ते सांभाळण्यातच दमायला होतं. माझं मत विचाराल तर आपल्याकडे 64 ते 68 बरा, त्यापेक्षा कमी नको.

तक्त्यात ट्रेल दिला नसेल तर घरी मोजा. सपाट फरशीवर सायकल सरळ उभी करा, चाक सरळ ठेवा, हेडट्यूबच्या मधल्या रेषेत एक लांब सरळ काठी धरून ती जमिनीला कुठे टेकते तिथे खडूने खूण करा, मग पुढच्या एक्सलवरून गवंड्याचा ओळंबा सोडून दुसरी खूण. दोन खुणांमधलं अंतर मोजलं की झालं. दोन-चार मिमी इकडे तिकडे होणारच, पण 58 आहे की 70 हे नक्की कळतं.

आता बॉटम ब्रॅकेट, म्हणजे फ्रेममध्ये क्रँक (पेडलचा दांडा) जिथे फिरतो ती जागा, आणि कोकणासाठी हे माझ्या मते ट्रेलइतकंच महत्त्वाचं. ड्रॉप म्हणजे एक्सलच्या रेषेपेक्षा बॉटम ब्रॅकेट किती खाली आहे ते. जुन्या पद्धतीच्या क्रॉस फ्रेमला हा 60 मिमीच्या आतबाहेर असायचा, आता 65-70 पण दिसतो आणि ग्रॅव्हल बाईकला (खडीच्या रस्त्याची सायकल) त्याहून जास्त. ड्रॉप जास्त म्हणजे तुम्ही सायकलमध्ये बसल्यासारखे वाटता, वळणावर छान स्थिर. पण 33 च्या टायरवर 65 ड्रॉप असेल तर बॉटम ब्रॅकेट जमिनीपासून जेमतेम 28 सेंमी, 170 चा क्रँक खाली आला की पेडलच्या एक्सलखाली 11 सेंमी उरतात, त्यातून पेडलची जाडी वजा करा. सड्यावर कातळाचे टेंगूळ वर आलेले असतात, वाटेत अर्धवट पुरलेला चिरा असतो, तिथे पेडल मारता मारता खट्कन लागलं की मागचं चाक उचलतं आणि पावसात शेवाळावर असं झालं तर विषय संपला. म्हणून सडा आणि पायवाटा जास्त असतील तर 60-65 बघा, डांबर जास्त असेल तर 70 चालेल. 165 चा क्रँक बसवला तर 5 मिमी आयते मिळतात. फ्रेममध्ये जागा असेल तर 40 चा टायर टाकला की अजून 7 मिमी, मात्र त्याने ट्रेलही दोनेक मिमी वाढतो हे धरून चाला.

चेनस्टे, म्हणजे बॉटम ब्रॅकेटपासून मागच्या एक्सलपर्यंतची नळी, साधारण 425 ते 435 मिमी असतो. आखूड असेल तर मागचं चाक तुमच्या खाली येतं, ओल्या चढावर पकड मिळते, पण टायर आणि फ्रेममधली जागा कमी होते आणि पावसाळ्यातली लाल माती तिथे अशी बसते की चाक फिरायचंच थांबतं. दुकानात टायरच्या दोन्ही बाजूंना करंगळी घालून बघा, जात नसेल तर विसरा. गुहागरसारख्या पुळणीवर मऊ वाळू लागली की वजन जरा मागे घ्या, हँडल सैल धरा, पाय थांबवू नका, लांब चेनस्टे असला तर सायकल सरळ जाते. नंतर मात्र चेन गोड्या पाण्याने धुवा.

पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट) सायकल खांद्यावर घेऊन चढायची असेल तर फ्रेमच्या त्रिकोणात खांदा जातो का ते बघा. टॉप ट्यूब (फ्रेमची वरची नळी) उतरता असला की लहान साइजमध्ये हात घालायला जागाच राहत नाही, त्यात दोन बाटल्या लावल्या की आणखी पंचाईत. टॉप ट्यूबच्या खालून केबल गेली असेल तर खांद्याला रुतते.

सीट अँगलवर (सीटखालच्या नळीचा कोन) फार डोकं खाजवू नका, सीट पुढेमागे करून भागतं.

उंची कमी असणाऱ्यांनी शेवटी एक नक्की करा. क्रँक आडवा ठेवून हँडल वळवा, बूट पुढच्या टायरला लागतो का बघा. थोडा लागला तर वेगात काही होत नाही, पण पाखाडीच्या तोंडाशी सावकाश वळताना त्याच एका गोष्टीने माणूस आडवा होतो. आणि हे मडगार्ड लावून तपासा, कारण जूनमध्ये पावसासाठी मडगार्ड लावावा लागणारच आहे.