बोर्डावर 'द्राक्ष तज्ज्ञ' लिहिण्याआधी

सांगली जिल्ह्यातल्या तासगाव, मिरज, पलूस, कवठेमहांकाळ, जत या पट्ट्यात ज्याची द्राक्षबाग चांगली निघते, त्याच्याकडे चार शेजारी विचारायला येतातच. दोन हंगाम सल्ला जमून गेला की मनात येतं, कार्ड छापावं, एकरी फी घ्यावी. पण आपला निर्णय दुसऱ्याच्या मातीत, दुसऱ्याच्या पैशावर टिकतो का, ते आधी बघायचं असतं, आणि ते वही काढून बसलं की कळतं.

मागच्या तीन हंगामांत सल्ला दिलेल्या किमान दहा बागा घ्या. स्वतःची बाग आणि बांधाला बांध असलेली भावकीची बाग वगळा, कारण तिथं माती, पाणी आणि मजूर तेच असतात. प्रत्येक बागेसाठी लिहा: गाव, द्राक्षाची जात, वेल खुंटावर कलम केलेली की स्वतःच्याच मुळावर, फळछाटणीची (घड येण्यासाठीच्या छाटणीची) तारीख, कोणत्या दिवशी काय सांगितलं, बागायतदारानं त्यातलं किती केलं, एकरी किती टन निघाले, काय दर मिळाला. शेवटचा रकाना 'काय बिघडलं' असा ठेवा. दहाही बागांपुढे तो कोरा राहिला, तर तुम्ही बिघडलेल्या बागेत परत गेला नाहीत किंवा लोक तुम्हाला सांगत नाहीत. दोन्हींपैकी काहीही असलं तरी बोर्ड रंगवायची घाई नको.

या वहीत एक तरी पावसाळी ऑक्टोबर हवाच. २०१८ च्या दुष्काळी हंगामात ज्यांचं नाव झालं, त्यांचा खरा कस २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लागला. पोंगा (डोळा फुटू लागतो ती अवस्था) ते फुलोरा हा सगळ्यात नाजूक काळ आणि त्यातच पाऊस. पानं तासन्‌तास ओली, डाऊनी (केवडा रोग) थेट घडावर, काही ठिकाणी गळ आणि कूज. अशा वेळी औषधाचं नाव सगळ्यांनाच माहीत असतं. अडतं ते वाफशावर. काळ्या रानात ट्रॅक्टर आत जात नाही, फवारलेलं धुऊन जातं, आणि बागायतदार रात्री अकराला फोन करतो. त्या चार दिवसांत तुम्ही नेमकं काय सांगितलं होतं, आणि त्या बागेत किती घड वाचले? याचं उत्तर वहीत नसेल तर अजून एक हंगाम फुकट सल्ला द्या. त्यात कमीपणा काही नाही.

मग विषय अरुंद करा. 'द्राक्ष तज्ज्ञ' हा शब्द फार मोठा आहे. खरड छाटणीनंतर (काढणी झाल्यावर एप्रिलमध्ये होते ती) ४५व्या दिवशी पाचव्या पानाचा देठ तपासून खताचं नियोजन करणं हे एक काम. १०० लिटर पाण्याला अडीच किलो पोटॅशियम कार्बोनेट आणि दीड लिटर डिपिंग ऑइल (द्राक्षं लवकर सुकावीत म्हणून बुडवायच्या द्रावणातलं तेल) हे प्रमाण धरून वाळवणीच्या रॅकवर एकसारखा हिरवा बेदाणा काढणं हे दुसरं. निर्यातीच्या बागेचं फवारणी नियोजन हे तिसरं आणि सगळ्यात जोखमीचं. २०१० मध्ये युरोपात आपल्या द्राक्षांचे कंटेनर अडले ते सीसीसीच्या (क्लोरमेक्वाट क्लोराईड) अवशेषांमुळे. वाढ रोखायला ते इथं सर्रास वापरलं जात होतं आणि वेलीवर त्याचा उपयोगही होत होता. सल्ला वेलीला लागू पडला, पण बाजारात नापास झाला. ज्याला लेबल क्लेम (औषधाला त्या पिकासाठी असलेली मान्यता), काढणीपूर्व कालावधी (शेवटची फवारणी ते काढणी यांतले दिवस) आणि त्या देशाची अवशेष मर्यादा या तिन्ही गोष्टी एकाच ओळीत मांडता येत नाहीत, त्यानं कार्डावर 'निर्यात' हा शब्द घालू नये. वहीतल्या ज्या कामात सलग तीन वर्षं निकाल दिसतो, तेवढंच कार्डावर.

सल्ला तोंडी देण्याची सवय असेल तर ती आधी मोडा. कार्बन घातलेलं साधं पावती बुक पुरतं, एक प्रत त्यांना आणि एक आपल्याला. जीएचंच (जिबरेलिक ॲसिड, मणी वाढवायला घड ज्यात बुडवतात ते संजीवक) उदाहरण घ्या. १० पीपीएम म्हणजे लिटरला १० मिलिग्रॅम, १०० लिटरला १ ग्रॅम. पावडर ९० टक्के शुद्धतेची असेल तर १.१ ग्रॅम. फोनवर 'दहाचं डिपिंग घ्या' म्हटलं की कोणीतरी १०० लिटरला दहा ग्रॅम टाकतो, म्हणजे दहापट. देठ जाड आणि कडक होतात आणि पुढच्या हंगामाच्या घडनिर्मितीलाही फटका बसतो. चिठ्ठीवर पीपीएमसोबत ग्रॅम, पाणी, छाटणीनंतरचा दिवस आणि सही असली की हा घोटाळा होत नाही, आणि नंतर 'तुम्हीच सांगितलं होतं' यावरून भांडणही होत नाही.

औषध विकायचं की सल्ला द्यायचा, हेही आत्ताच ठरवा. कीटकनाशक कायदा १९६८ प्रमाणे विक्रीला परवाना लागतो. गाडीच्या डिकीतून बाटल्या देणं हा गुन्हा आहे. परवाना असला तरी फी घेऊन स्वतःच्याच दुकानातली औषधं लिहून देणारा माणूस विश्वास लवकर गमावतो. दोन्ही करायचंच असेल तर चिठ्ठीवर घटकाचं नाव लिहा, कंपनीचं नको. माल कुठून घ्यायचा ते बागायतदार ठरवेल. 'हमखास एकरी १५ टन', 'शंभर टक्के डाऊनीमुक्त' असलं काही छापू नका. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये फसव्या जाहिरातीला १० लाख रुपयांपर्यंत दंड आहे.

आता झेपेल किती? एका बागेला फळछाटणीनंतरच्या पहिल्या ५० दिवसांत निदान पाच फेऱ्या लागतात: फुटीवर, विरळणीला, फुलोऱ्याआधी, मणी सेटिंगला, डिपिंगला. ४० बागा घेतल्या तर २०० फेऱ्या, म्हणजे एकही सुट्टी न घेता रोज चार. पाऊस झाला की चाळीसही जण एकाच दिवशी बोलावतात. नव्यानं सुरू करणाऱ्यानं १२ ते १५ बागांवर थांबावं आणि त्या दोन शेजारच्या तालुक्यांतच असाव्यात. जाहिरात मोठी केली की हा आकडा हाताबाहेर जातो. चांगले सल्लागार बदनाम होतात ते बहुतेक याच कारणानं.

फी टनावर बांधू नका. गारपीट तुमच्या हातात नाही, आणि टनाच्या मोहापायी माणूस वेलीवर जास्त घड ठेवायला सांगतो, मग मणी फुगत नाही आणि गोडी भरत नाही. ठरलेली एकरी रक्कम घ्या, निम्मी छाटणीला आणि निम्मी काढणीनंतर.

पहिलं वर्ष बोर्डाशिवाय, पाच बागांवर, पैसे घेऊन करा. मार्चमध्ये त्यांपैकी तिघांनी न मागता उरलेली रक्कम दिली आणि एप्रिलच्या खरड छाटणीला कधी येताय असं विचारलं, तर कार्ड छापा. त्यावर नाव, काम, तालुके आणि वर्षं एवढंच: 'देठ परीक्षणावर खत नियोजन, तासगाव व पलूस, तीन हंगाम, १४ बागा'. बाग बघायला कोणी मागितली तर दाखवता येतील अशा दोन बागायतदारांची परवानगी आधीच घेऊन ठेवा. त्यातली एक बाग अशी असावी, जिथं काहीतरी बिघडलं होतं आणि तुम्ही ते सावरलं होतं.