लोक उघडतील असं इंट्रानेट: सुरुवात एचआरच्या फोनपासून

चाकण, भोसरी, हिंजवडीकडच्या तीनशे-चारशे माणसांच्या कंपनीत इंट्रानेट, म्हणजे फक्त कंपनीतल्या लोकांसाठीची वेबसाइट, बहुधा असतंच, फक्त ते कोणी उघडत नाही. वर एमडींचा संदेश, खाली गेल्या दिवाळीच्या रांगोळी स्पर्धेचे फोटो, आणि रजेचा फॉर्म हवा असला की माणूस सरळ एचआरला फोन लावतो. हे सुधारायला सॉफ्टवेअर नंतर लागतं. आधी प्रश्नांची यादी लागते.

दोन आठवडे वही ठेवा

एचआर, अकाउंट्स, ॲडमिन, आयटी आणि गेटवरची सिक्युरिटी, या पाच ठिकाणी एकेक वही ठेवा. कोणी काही विचारलं की प्रश्न विचारणाऱ्याच्याच शब्दांत लिहायचा. ‘रजा धोरणाबाबत चौकशी’ नको, ‘माझ्या किती सुट्ट्या उरल्यात?’ असं हवं. पुढे पानांची शीर्षकं याच शब्दांतून येतात. वह्या एकत्र केल्या की तेच वीस-पंचवीस प्रश्न फिरून फिरून आलेले दिसतात: शिल्लक रजा, सॅलरी स्लिप, पीएफचा यूएएन, मेडिक्लेमचं कार्ड, बसची वेळ, पाहुण्याचा गेट पास, प्रिंटर जोडणं. पहिल्या आवृत्तीत एवढंच घ्या.

मेनू विभागांप्रमाणे लावू नका. गेट पास ॲडमिनकडे की सिक्युरिटीकडे, हे नव्या माणसाला माहीत नसतं आणि माहीत असायचं कारणही नाही. ‘रजा आणि हजेरी’, ‘पगार’, ‘प्रवास आणि बस’ अशी कामांची नावं द्या. जुन्या शेअर्ड ड्राइव्हवरची फोल्डरं जशीच्या तशी उचलून आणू नका. ‘फायनल’, ‘फायनल २’ आणि ‘फायनल नवीन’ यांतलं खरं कोणतं, हे ठरवल्याशिवाय एकही फाइल पुढे जाऊ नये.

साधन

मायक्रोसॉफ्ट ३६५ आधीच असेल तर शेअरपॉइंट, गूगल वर्कस्पेस असेल तर गूगल साइट्स. दोन्ही नसेल आणि लिनक्स सांभाळणारा कोणी आयटीत असेल तर बुकस्टॅक हे स्वतःच्या सर्व्हरवर चालवायचं सॉफ्टवेअर चांगलं. ते मुक्त स्रोत आहे, आणि काहीशे लोकांना २ कोअर, ४ जीबी रॅमचा सर्व्हर पुरतो. रोज बॅकअप घ्या आणि दर तीन महिन्यांनी तो दुसऱ्या मशीनवर उतरवून पाहा. शेअरपॉइंट घेताना शॉप फ्लोअरच्या लोकांसाठी फ्रंटलाइन गटातली, म्हणजे एफ१ किंवा एफ३, स्वस्त लायसन्स विचारा. सगळ्यांना ऑफिसवाल्यांचीच लायसन्स धरली की बजेट फुगतं आणि मग पहिली काट नेमकी शॉप फ्लोअरवर बसते.

लॉगिन

बहुतेक इंट्रानेट इथेच मरतात. वेगळा पासवर्ड दिला की लोक तो विसरतात, आयटीला फोन करतात, दुसऱ्यांदा फोन करत नाहीत. ऑफिसमध्ये कंप्युटरचं जे लॉगिन तेच इथे चालायला हवं. ज्यांना कंपनीचा ईमेलच नाही त्यांच्यासाठी एम्प्लॉयी कोड आणि मोबाइलवर ओटीपी. यात एक खाच आहे. कंपनीच्या नावाने एसएमएस पाठवायचे तर डीएलटीवर, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांच्या एसएमएस नोंदणी व्यवस्थेत, कंपनी, हेडर (मेसेजवर दिसणारं पाठवणाऱ्याचं नाव) आणि मजकुराचा टेम्प्लेट आधी नोंदवावा लागतो, आणि नोंदवलेला मजकूर व पाठवलेला मजकूर यांत फरक पडला तर मेसेज अडतो. ही नोंदणी पहिल्याच आठवड्यात सुरू करा, नाहीतर बाकी सगळं तयार होऊन ओटीपीपायी खोळंबा होईल. नोंदीतले मोबाइल नंबरही तपासून घ्या. कितीतरी जणांचा नंबर रुजू झाल्या वेळचाच असतो.

कँटीनबाहेर एक-दोन कंप्युटर ठेवणार असाल तर ब्राउझर किऑस्क मोडमध्ये, म्हणजे इंट्रानेटशिवाय दुसरं काही उघडणार नाही असा, चालवा, दोन मिनिटं हालचाल नसेल तर आपोआप लॉगआउट ठेवा आणि डाउनलोड बंद करा. स्लिप स्क्रीनवरच उघडू द्या. डाउनलोड चालू राहिलं तर एकाच्या पगाराची फाइल मागच्या माणसाला त्या फोल्डरमध्ये आयती मिळते, आणि ती बातमी शिफ्ट सुटायच्या आत सगळीकडे पोचते. त्यानंतर त्या कंप्युटरला कोणी हात लावत नाही.

एक पान कसं असावं

उत्तर पहिल्या दोन ओळींत, लगेच खाली बटण. नमुना असा:

रजा कशी टाकायची?
एक दिवसाची रजा आदल्या दिवशी दुपारी ४ पर्यंत टाका. सुपरवायझरने २४ तासांत काही कळवलं नाही तर अर्ज प्लांट हेडकडे जातो.
[अर्ज भरा]
अचानक आजारी पडलात तर शिफ्ट सुरू व्हायच्या आत सुपरवायझरला फोन करा. अर्ज कामावर आल्यावर भरा.
जबाबदारी: टाइम ऑफिस. पुढची तपासणी: १ जुलै.

सोळा पानांची पॉलिसी हवी त्याला सर्वांत खाली लिंक द्या. पुण्यात पाट्या लिहिणाऱ्यांची वानवा नाही. एचआरमध्ये तसा कोणी असेल तर पानं त्याच्याकडूनच लिहून घ्या. फोटो आवरा: पूर्ण पान १ एमबीच्या आत बसवा, कारण पत्र्याच्या शेडखाली मोबाइलची रेंज यथातथाच असते.

एका पानाला मात्र लॉगिन लावू नका. लैंगिक छळ प्रतिबंधक कायदा, २०१३ प्रमाणे अंतर्गत समितीची माहिती कामाच्या ठिकाणी लावावी लागते. ती इंट्रानेटवरही द्या, पण आपण ते पान पाहिल्याची नोंद कुठे राहील अशी भीती वाटायला नको. भिंतीवरचा फलक तसाच राहू द्या.

शोध मराठीत चालतो का?

इंग्रजीत तपासून ‘सर्च चालू आहे’ म्हणून मोकळे होऊ नका. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेली परिपत्रकं डोळ्यांना मराठी दिसतात, पण फाइलमध्ये साठलेली असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं. ‘बोनस’ शोधलं तर ती सापडत नाहीत, आणि तो फाँट नसलेल्या फोनवर नुसता कचरा दिसतो. कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणा, मग माणसाकडून वाचून घ्या. रफार, पहिली वेलांटी आणि जोडाक्षरं हमखास चुकतात. स्कॅन केलेली पीडीएफ म्हणजे नुसतं चित्र. ३०० डीपीआयला स्कॅन करून टेसरॅक्ट या चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या प्रोग्रॅमची मराठी फाइल वापरली तर छापील मजकूर बराच शोधण्याजोगा होतो. हाताने भरलेल्या फॉर्मकडून ती अपेक्षा ठेवू नका.

तिसरी अडचण खुद्द भाषेची. ‘रजा’ शोधणाऱ्याला ‘रजेचा अर्ज’ सापडत नाही, कारण विभक्ती लागताना शब्दच बदलतो. इंग्रजी शब्दांची रूपं जुळवायची सोय बहुतेक साधनांत तयार असते, मराठीची बहुधा नसते. उपाय हाताचा आहे: प्रत्येक पानाला शोधशब्द जोडा. रजेच्या पानाला रजा, रजेचा, रजेसाठी, सुट्टी, सुट्ट्या, लीव्ह, आणि हेच शब्द रोमन लिपीतही, कारण फोनवर कितीतरी जण मराठी तशीच टाइप करतात. शब्द कुठून आणायचे? वह्यांमधून.

सुरू करताना

मोठ्या उद्घाटनाने एक दिवस गर्दी होते, बस. लोकांना गरज पडेल असा मुहूर्त गाठा: गुंतवणुकीचे पुरावे जमा करायचे जानेवारी-फेब्रुवारीचे दिवस, किंवा मेडिक्लेमचं नूतनीकरण. मार्चअखेर आणि गणपतीचा आठवडा टाळा. आधी एका विभागात पंधरा दिवस चालवा.

बसचं पान मात्र पहिल्या दिवसापासून चोख हवं. पालख्या येतात तेव्हा आळंदी रस्ता आणि जुना मुंबई रस्ता बंद होतात, अनंत चतुर्दशीला मध्यवस्ती. अशा दिवशी सगळी कंपनी एकच प्रश्न विचारते. बदललेला रूट आदल्या संध्याकाळी ५ पर्यंत त्या पानावर यायलाच हवा. व्हॉट्सॲप ग्रुपवर मग पीडीएफ टाकायची नाही, फक्त लिंक. फोन आला तरी उत्तर द्या, पण लिंकही पाठवा. साहेबांनी एकदा जरी पीडीएफ फॉरवर्ड केली की महिन्याभराची शिस्त मोडते. त्यांना हे आधीच सांगून ठेवा.

चालू ठेवताना

हिट्स मोजू नका. इंट्रानेट ब्राउझरचं सुरुवातीचं पान केलेलं असेल तर रोज सकाळी प्रत्येक कंप्युटरमागे एक हिट फुकट मिळते. त्याऐवजी रजेचे किती अर्ज इथून आले, एचआरचे फोन किती घटले आणि कोणत्या शोधांना काहीच सापडलं नाही, हे पाहा. ही शेवटची यादी दर सोमवारी अर्धा तास वाचा. नवं पान कोणतं लिहायचं ते तीच सांगते.

तपासणीची तारीख आली की जबाबदार माणसाला आपोआप मेल जावा, आणि ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पान लपवावं. चुकीची बसवेळ दाखवणाऱ्या पानापेक्षा नसलेलं पान बरं. जबाबदारी टेबलाच्या, म्हणजे पदाच्या, नावावर ठेवा, पण मेल मात्र माणसाला जाऊ द्या, आणि नोकरी सोडणाऱ्याच्या क्लिअरन्स फॉर्ममध्ये लॅपटॉप आणि ओळखपत्राच्या खाली आणखी एक रकाना घाला: ‘इंट्रानेटची पानं कोणाकडे दिली?’ जुना शेअर्ड ड्राइव्ह तीन महिने फक्त वाचण्यापुरता उघडा ठेवा, त्यात काय उघडलं जातं ते पाहून तेवढंच इकडे आणा, आणि मग तो बंद करा.