बडोद्यात नवीन येताय? फ्लॅट बघायच्या आधी एरिया कसा बघायचा

दर दोन-तीन महिन्यांनी कोणाचा तरी फोन येतोच, पुण्याहून नाहीतर नाशिकहून, की अगं आमची बडोद्याला बदली झालीये, एखादा चांगला एरिया सांग ना. चांगला म्हणजे कसा हवाय विचारलं की उत्तर येतं, म्हणजे डिसेंट, आपल्यासारखी माणसं असलेला. इथेच माझं जरा वेगळं मत आहे. आपल्यासारखीच माणसं असलेल्या एरियात नवीन माणूस सगळ्यात जास्त एकटा पडतो, कारण तिथे सगळ्यांचं आधीच ठरलेलं असतं, कोणाशी बोलायचं नि कोणाशी नाही. मला चांगला एरिया म्हणजे जिथे फर्टिलायझर कंपनीतून रिटायर झालेले काका, केरळची नर्स, पाणीपुरीवाला भैया आणि युनिव्हर्सिटीतले सर एकाच लारीवर, म्हणजे हातगाडीवर, मेथी निवडत उभे असतात. असे एरिया बडोद्यात भरपूर आहेत, पण ब्रोकर ते आधी दाखवत नाही, कारण तिथे भाडं कमी आणि म्हणून त्याची दलालीही कमी.

आम्ही २०१३ ला आलो तेव्हा मलाही यातलं काही माहीत नव्हतं. शहराच्या नव्या बाजूला एका मोठ्या सोसायटीत घर घेतलं भाड्याने, गार्डन, क्लबहाऊस, सगळं होतं. पहिल्याच आठवड्यात कमिटीचे दोन जण येऊन सरनेम विचारून गेले, मग घरात अंडी आणता का ते विचारलं, मग गावी घर स्वतःचं आहे का. मुलगी तेव्हा चार वर्षांची होती, खाली खेळायला गेली की तिला पहिला प्रश्न यायचा तुमच्याकडे कुठली गाडी आहे. अकरा महिने संपायची वाट बघितली आणि निझामपुऱ्यात आलो, जुनं टेनामेंट, म्हणजे छोटं स्वतंत्र घर, पुढे छोटं अंगण, आणि सामान उतरवत असतानाच समोरच्या बा, म्हणजे आजी, चहाचं थर्मास घेऊन आल्या. तेव्हापासून इथेच.

तर कसं बघायचं ते सांगते.

सगळ्यात आधी नोकरी शहराच्या कुठल्या बाजूला आहे ते नकाशावर बघा, कारण बडोद्याचे कारखाने चारही दिशांना पसरलेत. रिफायनरी आणि फर्टिलायझर उत्तर-पश्चिमेला कोयली-बाजव्याकडे, मांजुसर जीआयडीसी, म्हणजे सरकारी औद्योगिक वसाहत, सावली रोडला, हालोल नि वाघोडिया पूर्वेला, मकरपुरा जीआयडीसी दक्षिणेला, पोर गावची त्याच्याही पुढे. कोणी सांगेल बडोदा छोटं आहे, कुठूनही कुठेही वीस मिनिटं. दुपारी तीन वाजता असेल. सकाळी नऊला हायवेवर जांबुव्याच्या अरुंद पुलापाशी ट्रकच्या मागे अडकलात की समजतं. मांजुसरला जाणाऱ्याने समा, छाणी, निझामपुरा बघावं, हालोलवाल्याने आजवा रोड नाहीतर वाघोडिया रोड, मकरपुऱ्याच्या नोकरीला मांजलपूर, तरसाली. कंपनीची बस असेल तर तिचे स्टॉप कुठे आहेत ते जॉइन व्हायच्या आधीच एचआरला विचारून घ्या, आमचा एरिया खरं तर तसाच ठरला.

मग पाणी. नळाचं नंतर, आधी पुराचं. विश्वामित्री शहराच्या मधून जाते, आजव्याचं तळं ओसंडलं की ते पाणी हिच्यातच येतं. ३१ जुलै २०१९ ला चोवीस तासांत जवळपास ५०० मिलिमीटर पाऊस पडला होता. ऑगस्ट २०२४ मध्ये तर शहरातला पाऊस थांबला तरी पाणी उतरेना, फतेगंज, समा, सयाजीगंज, अकोटा, मुजमहुडा, वडसर, कितीतरी ठिकाणी तळमजले बुडाले आणि मगरी रस्त्यावर आल्या, हे मी ऐकीव सांगत नाहीये. नदी तर सगळे बघतात, पण त्याहून महत्त्वाच्या इथल्या कांस, म्हणजे पावसाच्या पाण्याचे मोठे नाले, भूखी कांस, मसिया कांस, रुपारेल कांस. यातली भूखी आमच्याच बाजूने जाते. नदीपासून दोन किलोमीटर लांब असलेलं घरसुद्धा कांसेजवळ असेल तर भरतं. एकाच रस्त्यावरची डावी बाजू कोरडी आणि उजवीकडे कमरेएवढं पाणी असं मी बघितलंय, म्हणून एरियाचं नाव सांगून उत्तर मिळत नाही, गल्ली विचारावी लागते. मालकाला विचारू नका, तो नाहीच म्हणणार. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला नाहीतर किराणावाल्याला विचारा चोवीसमध्ये पाणी कुठपर्यंत आलं होतं, तो भिंतीवर हात ठेवून दाखवतो. जिन्याखालचं मीटर किती उंचीवर लावलंय तेही बघा, नंतर वर सरकवलेलं असेल तर समजून जा.

नळाच्या पाण्याचं थोडक्यात: जुन्या शहरी भागाला महापालिकेचं पाणी आहे, काही भागाला मही नदीतल्या विहिरींचं, काही भागाला आजव्याचं. भायली, सेवासी, बिल, वेमाली, ऊंडेरा ही गावं २०२० मध्ये महापालिकेत आली, तिकडच्या नव्या स्कीममध्ये, म्हणजे नव्या बिल्डिंगांमध्ये, बोअर आहे की लाईन आली हे फ्लॅटच्या किचनमधला नळ उघडून, पाणी तोंडात घेऊन बघा. खारट लागलं तर बोअर.

आता माझा आवडता भाग, संध्याकाळची चक्कर. एरिया कारमधून बघायचाच नाही. संध्याकाळी साडेसहा ते साडेआठ पायी फिरा, दोन वेगवेगळ्या दिवशी, एक रविवार असू दे. लाऱ्यांवर कोण उभं आहे ते बघा. एकाच चौकात सेवउसळ, इडली, ऑम्लेट आणि दाबेली चारही मिळत असतील तर त्या एरियात चार प्रकारची माणसं राहतात, यासाठी दुसरा कुठलाही सर्व्हे नको. देऊळ, चर्च, मशीद, गुरुद्वारा यातलं एकाहून जास्त काही चालत जाण्याच्या अंतरावर आहे का बघा. शाळा सुटताना रिक्षांमध्ये किती वेगवेगळ्या युनिफॉर्मची मुलं आहेत तेही. दुकानांच्या पाट्यांवर गुजरातीबरोबर आणखी कुठल्या भाषा दिसतात. ओट्यावर, पारावर, गेटपाशी म्हातारी माणसं बसलेली दिसली तर फारच छान, कारण तिथे नवीन माणसाची चौकशी होते आणि चौकशी करणारीच माणसं पुढे अडचणीला धावतात. त्या मोठ्या सोसायटीत बाक होते, सुंदर होते, पण त्यावर बसलेलं कोणी मी अकरा महिन्यांत फारसं बघितलं नाही.

नवरात्रात किंवा गणपतीत यायला जमत असेल तर तेव्हाच या. मोठ्या ग्राउंडवरचा पासवाला गरबा एरियाबद्दल काही सांगत नाही, शेरी गरबा बघा, गल्लीतला. कामवाली मावशी आणि डॉक्टरीणबाई एकाच रिंगणात आहेत का, की एक नाचतेय आणि दुसरी खुर्च्या लावतेय.

आता नावं घेऊनच सांगते, ही माझी मतं आहेत. फतेगंज माझं सगळ्यात लाडकं, युनिव्हर्सिटी शेजारी म्हणून देशभरची पोरं, जुनी ख्रिश्चन वस्ती, चर्च, कॅम्पचा भाग, ईएमई या लष्करी तुकडीचं ॲल्युमिनियमने मढवलेलं दक्षिणामूर्तीचं देऊळ जे १९६६ मध्ये लष्कराने बांधलं आणि ज्याच्या रचनेत सगळ्या धर्मांच्या खुणा आहेत. नाताळात तिथली संध्याकाळ चुकवू नका. निझामपुरा-समा-छाणी जकात नाका हा पट्टा नोकरदारांचा. साठच्या दशकात रिफायनरी, फर्टिलायझर, मग आयपीसीएल हा पेट्रोकेमिकलचा कारखाना असं एकामागून एक उभं राहिलं आणि मल्याळी, तमिळ, बंगाली, मराठी, यूपीवाले सगळे कामाला आले, त्यांची पोरं इथलीच झाली. आमच्या गल्लीत बारा घरं आणि सहा भाषा आहेत. वारा फिरला की छाणी-बाजव्याच्या बाजूला रात्री कधी गॅसचा वास येतो, तेवढं लहान मूल किंवा दम्याचं माणूस घरात असेल तर आधी दोन रात्री राहून बघा. गोरवा तसाच मिश्र, कामगारवस्ती, भाडं परवडणारं. मकरपुरा, तरसालीला खानदेशातले इतके लोक आहेत की जळगावची भरीताची वांगी शोधावी लागत नाहीत. कारेलीबाग थोडं जास्त स्थिर, जुन्या घरांचं, शेजारी वारसियाला सिंधी वस्ती, खाण्याची चंगळ. वाघोडिया रोड स्वस्त आहे, पारुल युनिव्हर्सिटीची पोरं भरपूर, पण नुसत्या फ्लॅटच्या रांगा आहेत काही ठिकाणी, चौक असलेला तुकडा शोधा. अलकापुरीला ऑफिस असेल आणि घर स्टेशनच्या पलीकडे, तर पावसात गरनाळं, म्हणजे रेल्वेखालचा रस्ता, भरलं की मोठा वळसा पडतो हे धरून चाला.

आणि हो, मराठी आहात म्हणून दांडिया बाजारातच राहायचं असं काही नाही. रावपुरा, दांडिया बाजार, वाडी इथे पिढ्यान्‌पिढ्या मराठी घरं आहेत, गायकवाडांच्या काळापासूनची, आणि तिथलं मराठी ऐकलंत तर आधी दचकाल, गुजराती "चालसे" आणि "चालेल" एकाच वाक्यात येतं. पण तिथे गाडी लावायला जागा नाही. राहा कुठेही, रविवारी मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत जा, १९१० मध्ये सयाजीरावांनी सुरू केलेली, मराठी पुस्तकं बघून डोळे निवतील. माझे पहिले मराठी मित्र-मैत्रिणी तिथेच मिळाले, सोसायटीत नाही.

घरमालकाशी बोलताना मी एक करते, आपणच आधी विचारायचं. आधीचे भाडेकरू कोण होते, किती वर्षं राहिले, कुठले होते. तीन भाडेकरू वेगवेगळ्या गावचे आणि प्रत्येक जण दोन-तीन वर्षं टिकलेला असेल तर घर चांगलं, मालकही. तुम्ही मासे-मटण खात असाल तर पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगा, लपवून राहणं फार जिवावर येतं, मी अकरा महिने डबा बंद करून अंडी आणलीयेत आणि ते मुलीला समजावून सांगताना मला स्वतःची लाज वाटली होती. नाही म्हणाले तर दुसरं घर मिळतं. भाडाकरार अकरा महिन्यांचा नोटरी करून घ्या, आणि भाडूत म्हणून पोलिसात नोंद मालकाला करायला लावा, ती लागतेच.

विकत घ्यायची घाई नको. एक पावसाळा आणि एक नवरात्र त्या एरियात भाड्याने काढा मगच. घ्यायचंच ठरलं तर बीयू परमिशन (इमारत वापरायची परवानगी) आलीये का, रेरा नंबर, वेरा बिल, म्हणजे घरपट्टी, कोणाच्या नावावर, आणि भाव कार्पेटवर बोलतायत की सुपर बिल्टअपवर, हे सगळं बानाखत, म्हणजे खरेदीचा करार, करायच्या आधी. बडोद्याच्या काही भागांना अशांत धारा लागू आहे, दंगलींमुळे अशांत ठरवलेल्या भागांसाठीचा १९९१ चा गुजरातचा कायदा, तिथे घर विकत घ्यायला कलेक्टरची परवानगी काढावी लागते. ब्रोकर म्हणतो फॉर्मॅलिटी आहे, पण त्यात वेळ जातो, आणि मिश्र वस्ती हवी म्हणणाऱ्याला हा कायदा हमखास आडवा येतो, कारण वस्त्या जिथे एकमेकींना लागून आहेत तिथेच तो बहुतेक लागू असतो. वकिलाला त्या सर्व्हे नंबरचं विचारा आणि परवानगी हातात येईपर्यंत मोठी रक्कम देऊ नका. मला या कायद्याचं मनापासून वाईट वाटतं, पण म्हणून तो एरिया सोडू नका, वेळ जास्त धरा.

निझामपुऱ्याकडे घर बघायला आलात तर शनिवारी संध्याकाळी या, चहा आमच्याकडे, आणि नंतर समोरच्या बांना सोबत घेऊन कांसेपर्यंत चक्कर मारू, चोवीसमध्ये कुठल्या घराला किती पाणी लागलं ते त्यांना घर नंबरासकट पाठ आहे.