तीन-पंचमांशाचे कलम आपल्या वर्गात कसे शिकवावे

अमेरिकेच्या १७८७ च्या राज्यघटनेतील तीन-पंचमांशाचे कलम, म्हणजे राज्यांच्या जागा ठरवताना पाच गुलामांमागे तीन माणसे मोजण्याचा नियम, शिकवताना फळ्यावर आरंभीच ३/५ हा अपूर्णांक लिहू नये. एका पावसाळी दुपारी मी तो लिहिला, तेव्हा पहिल्याच बाकावरून प्रश्न आला, "म्हणजे पाच गुलामांना मिळून तीन मते असायची का?" तो गैरसमज दूर करण्यात, पत्र्यावरच्या पावसाशी आवाजाची स्पर्धा करत, माझी उरलेली तासिका गेली. गुलामाला एकही मत नव्हते, त्याची फक्त मोजणी होती, आणि त्या मोजणीतून मिळालेल्या जागा त्याच्या मालकांच्या राज्याच्या पदरात पडत होत्या. हा मुद्दा आधी पक्का करावा आणि अपूर्णांक नंतर आणावा.

त्यासाठी सुरुवात घराजवळून करता येते. २००१ च्या जनगणनेवर आधारलेल्या पुनर्रचनेत रत्नागिरी जिल्ह्याचे विधानसभा मतदारसंघ ७ वरून ५ झाले आणि सिंधुदुर्गाचे ४ वरून ३ झाले. खेड आणि संगमेश्वर ही मतदारसंघांची नावे २००९ च्या निवडणुकीत राहिली नाहीत. हे सांगितल्यावर चाकरमान्यांच्या घरातील मुलांना फार समजवावे लागत नाही. "म्हणजे आमचो काको मुंबयत मोजलो?" असे एकाने विचारलेच. माणूस जिथे मोजला जातो, तिथे जागा जाते, एवढे मुलांच्या तोंडून आले की साम्य तिथेच थांबवावे, कारण काका मुंबईत मतदान करतो, आणि अमेरिकेच्या दक्षिणेकडील व्हर्जिनिया राज्यातील गुलाम कुठेही करू शकत नव्हता.

यानंतर मुलांना भागाकार करायला लावावा. १७९० च्या जनगणनेत व्हर्जिनियाची लोकसंख्या ७,४७,६१० होती आणि त्यांपैकी २,९२,६२७ गुलाम होते, म्हणजे स्वतंत्र माणसे ४,५४,९८३ उरतात. उत्तरेकडील मॅसॅच्युसेट्समध्ये ४,७५,३२७ लोक होते आणि गुलाम एकही नोंदलेला नव्हता. १७९२ च्या वाटपात दर ३३,००० लोकांमागे प्रतिनिधिगृहाची (संसदेच्या कनिष्ठ सभागृहाची) एक जागा धरून उरलेली बाकी सोडून दिली गेली. मॅसॅच्युसेट्सला १४ जागा मिळाल्या. व्हर्जिनियाच्या फक्त स्वतंत्र लोकांना भागले तर १३ येतात; पण गुलामांचे तीन-पंचमांश, म्हणजे सुमारे १,७५,५७६, मिळवले की १९ येतात, आणि प्रत्यक्षात तेवढ्याच मिळाल्या. स्वतंत्र माणसे कमी असूनही पाच जागा अधिक, हे वहीत स्वतःच्या हाताने उतरले की पुढचे काम सोपे होते.

आता उलटा प्रश्न टाकावा: गुलाम पूर्ण मोजावेत, असा आग्रह कोणाचा होता? बहुतेक मुले उत्तरेकडे बोट दाखवतात, आणि मोठी माणसेही तेच करतात. प्रत्यक्षात दक्षिण कॅरोलिना आणि जॉर्जियाच्या प्रतिनिधींना पूर्ण मोजणी हवी होती, तर उत्तरेतील अनेकांना ती मुळीच नको होती. पूर्ण मोजणी धरून तोच भागाकार करून पाहावा. व्हर्जिनियाला २२ येतात. म्हणून "गुलामाला तीन-पंचमांश माणूस मानले" हे प्रचलित वाक्य भावनेला पटत असले तरी वर्गात वापरू नये, कारण त्यामुळे अपूर्णांक वाढला असता तर गुलामाचे भले झाले असते, असे वाटू लागते.

हे प्रमाण फिलाडेल्फियात, घटना लिहिणाऱ्या अधिवेशनात, प्रथम सुचले नव्हते. १७८३ मध्ये राज्यांवरील कराचा भार ठरवण्यासाठी ते पुढे आले होते, आणि १७८७ च्या जुलैत जागांबरोबर प्रत्यक्ष करही त्याच मापाने बांधून तडजोड पुरी करण्यात आली. कर क्वचितच बसवला गेला. जागा मात्र दर निवडणुकीत मिळत राहिल्या. राष्ट्राध्यक्ष निवडणाऱ्या मतदारमंडळाची संख्याही त्याच जागांत सिनेटच्या दोन मिळवून ठरत असल्याने व्हर्जिनियाला तिथे २१ मते होती आणि मॅसॅच्युसेट्सला १६. १८०० च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत व्हर्जिनियाचे जेफरसन यांना ७३ आणि मॅसॅच्युसेट्सचे ॲडम्स यांना ६५ मते पडली, हे सांगून या फरकाचा विचार मुलांवर सोपवावा.

एखादी मुलगी हमखास विचारते की स्त्रियाही मोजल्या जात आणि त्यांनाही बहुधा मत नव्हते, मग फरक काय? प्रश्न रास्त आहे आणि तो टाळू नये. स्त्रियांवरचा अन्याय खराच; पण गुलामाच्या नावाने निवडून येणारा प्रतिनिधी त्यालाच मालमत्ता म्हणून राखण्यासाठी सभागृहात बसत होता. पेनसिल्व्हेनियाचे प्रतिनिधी गव्हर्नर मॉरिस यांनी (गव्हर्नर हे त्यांचे नावच होते, पद नव्हे) याच अर्थाचा आक्षेप अधिवेशनात घेतला होता.

शेवटी मूळ घटनेत गुलाम हा शब्द शोधायला सांगावे. तो सापडत नाही. तिथे "इतर सर्व व्यक्ती" एवढेच आहे. गुलामगिरीचे नाव घटनेत आले ते १८६५ च्या तेराव्या दुरुस्तीत, ती रद्द करताना. १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीने तीन-पंचमांश गेले, आणि मतदान नाकारणाऱ्या राज्याच्या जागा कमी करण्याची तरतूद आली. ती कधीच अंमलात आणली गेली नाही. घरच्या अभ्यासाला एकच प्रश्न द्यावा: मुक्त झालेली माणसे आता पूर्ण मोजली गेली, पण त्यांना मतपेटीपाशी येऊ दिले नाही, तर दक्षिणेच्या जागा वाढतील की घटतील?