समानतेची सुरुवात मस्टरपासून: बेळगाव परिसरातील कारखानदारांसाठी

उद्यमबाग, मच्छे किंवा होनगा येथील एखाद्या कारखान्यात समानतेचे धोरण राबवायचे ठरले की बहुधा सर्वांत आधी फलक छापायला टाकले जातात. फलक शेवटी लावले तरी चालतील. आधी मस्टर (हजेरीपत्रक) आणि पगारपत्रक शेजारी ठेवून प्रत्येक नावापुढे लिहावे की हा कामगार प्रत्यक्षात काय करतो, कागदावर त्याचा हुद्दा कोणता आहे, तो कायम आहे की ठेकेदाराचा, आणि त्याला शेवटची बढती कधी मिळाली. हे टिपण ऑफिसात बसून न करता सुपरवायझरला सोबत घेऊन शॉपमध्ये उभे राहून करावे.

फौंड्रीतील, म्हणजे वितळलेला धातू साच्यात ओतून भाग बनवण्याच्या कारखान्यातील, कोअर शॉपचेच पाहू. ओतलेल्या भागात पोकळी राहावी म्हणून साच्यात ठेवायचे वाळूचे गाभे, म्हणजे कोअर, येथे बनतात. तेथे अनेक ठिकाणी स्त्रिया काम करतात. कोअर बॉक्समध्ये वाळू सारखी ठासणे, तडा न जाऊ देता कोअर बाहेर काढणे, कडा घासणे, कोटिंग एकसारखे लावणे आणि हवा जाण्याची भोके मोकळी आहेत की नाहीत हे पाहणे, यांपैकी काहीही चुकले तर कास्टिंगमध्ये (ओतलेल्या भागात) ब्लो होल, म्हणजे अडकलेल्या हवेची पोकळी, येऊन अख्खा नग रिजेक्ट होऊ शकतो. असे काम वर्षानुवर्षे बिनचूक करणारी बाई मस्टरवर मात्र ‘हेल्पर’च राहते आणि मोल्डिंगला (साचा बनवण्याच्या कामाला) नव्याने लागलेला मुलगा तिच्या देखत ‘मोल्डर’ होतो. समान किंवा समान स्वरूपाच्या कामाला समान वेतन हे तत्त्व १९७६ च्या कायद्यात होते आणि २०१९ च्या वेतन संहितेतही आहे. परंतु हुद्दाच वेगळा लिहिला की दोघांच्या कामाची तुलना करण्याचा प्रश्नच कोणी काढत नाही. म्हणून कौशल्य, श्रम, अनुभव आणि जबाबदारी पाहून हुद्दे नव्याने ठरवावेत, आणि पगारातील फरक ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणून न टाळता त्याच वेळी भरून काढावा.

भरतीचे दुखणे निराळे आहे. आपल्याकडे ती अजूनही ओळखीतून होते, आणि फोरमन ज्या गावचा त्या गावची मुले खात्यात भरतात. यात दरवेळी वाईट हेतू असतो असे नाही, कारण दांडी मारणाऱ्याला घरी निरोप धाडता येतो ही सोय मालकालाही हवी असते. पण त्यामुळे इतर जातींची, इतर मोहल्ल्यांतील मुले गेटपर्यंत पोहोचतच नाहीत. जागा रिकामी झाली की बेळगाव आणि खानापूर परिसरातील आयटीआयमध्ये मराठी व कन्नड दोन्ही भाषांत सूचना लावावी. ट्रेड टेस्टसाठी सर्वांना एकच ड्रॉइंग आणि एकाच मापाचा कच्चा माल द्यावा, जॉबवर (बनवलेल्या नगावर) नावाऐवजी क्रमांक पंच करावा, आणि चाचणी घेणाऱ्याने नव्हे तर दुसऱ्याच कोणी व्हर्नियर (अचूक मोजमापाचे साधन) लावून गुण द्यावेत.

भाषेच्या बाबतीत हयगय केली तर जिवावर बेतते. एकाच शिफ्टमध्ये चंदगड-खानापूरकडील मराठी, बैलहोंगलकडील कन्नड, शहरातील उर्दू आणि बिहारकडील हिंदी बोलणारे कामगार असू शकतात. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमानुसार सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत हव्या असत. पण क्रेनखाली उभा असलेला माणूस बहुसंख्यांपैकी असेलच असे नाही. त्यामुळे सुरक्षेच्या सूचना चित्रांसह कन्नड, मराठी आणि हिंदीत लावाव्यात, आणि शिफ्टच्या सुरुवातीला दिलेली सूचना एखाद्या नव्या कामगाराकडून त्याच्याच भाषेत वदवून घ्यावी. सीमाप्रश्नावर ज्याचे जे मत असेल ते गेटबाहेर राहू द्यावे, आणि भाषेवरून किंवा आडनावावरून टोमणा मारणे ही शिस्तभंगाची बाब समजावी.

‘बायका सेकंड शिफ्टला येत नाहीत’ ही तक्रार करण्याआधी शिफ्ट सुटल्यावर गावाकडे जाणारी बस आहे का, हे पाहावे. स्वच्छतागृह आणि कपडे बदलण्याची खोली याबद्दल वेगळे सांगायला नको. अपंग व्यक्तींसाठी समान संधी धोरण प्रसिद्ध करणे २०१६ च्या कायद्याने प्रत्येक आस्थापनेला बंधनकारक आहे. ऐकू न येणाऱ्या कामगाराला इन्स्पेक्शनवर घेतले तर भोंग्यासोबत लाल दिवाही बसवावा.

लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती हवी. तिच्या अध्यक्षपदी वरिष्ठ पदावरील स्त्री, निम्म्या तरी सदस्य स्त्रिया आणि एक सदस्य बाहेरील असावा लागतो. लहान कारखान्यात अध्यक्षपद मालकांच्या घरातील स्त्रीकडे जाते आणि मग तक्रार येतच नाही. निदान बाहेरील सदस्य तरी खरोखर बाहेरचा, मराठी व कन्नड दोन्ही बोलणारा असावा, आणि त्याचा फोन क्रमांक स्त्रियांच्या कपडे बदलण्याच्या खोलीत लावावा. ठेकेदाराकडील स्त्रियाही तक्रार करू शकतात, हे त्यांना तोंडी सांगावे. तक्रारीची मुदत साधारणपणे तीन महिन्यांची आहे आणि चौकशी ९० दिवसांत पूर्ण करायची असते.

सहा महिन्यांनी सुरुवातीचे टिपण पुन्हा काढून कोण कोणत्या हुद्द्यावर गेले ते पाहावे. हा आढावा उत्पादन आणि रिजेक्शनच्या मासिक बैठकीतच घ्यावा. त्यासाठी एचआरची वेगळी बैठक ठेवली तर फोरमन तिकडे फिरकत नाहीत.